सेराबीतच्या लहान स्फिंक्सची प्रत : वालुकाश्मातील कामाच्या नोंदी

१२ जानेवारी
प्राचीन इजिप्तमधील हातात मावेल एवढा एखादा पाषाणी स्फिंक्स, म्हणजे सिंहाचे शरीर आणि माणसाचे डोके असलेली मूर्ती, आपल्या संग्रही असावा, अशी माझी जुनी इच्छा आहे. लंडनमध्ये राहिल्यामुळे लिलावांच्या याद्या नेहमी पाहण्यात येतात. परंतु ज्या मूर्तींची कागदपत्रे निर्दोष असतात त्यांची किंमत परवडत नाही, आणि ज्यांची किंमत परवडते त्यांच्यामागे विश्वास ठेवावा असा एकही कागद नसतो. म्हणून खरेदीचा विचार सोडून एका ज्ञात मूर्तीची प्रत स्वतः घडवावी असे ठरवले आहे. दुसऱ्या कुणाला हे काम करायचे झाल्यास उपयोग व्हावा, यासाठी या नोंदी ठेवत आहे.

निवडलेली मूर्ती ब्रिटिश म्युझियममध्ये ईए ४१७४८ या क्रमांकाने नोंदलेली आहे. सिनाई द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य भागात सेराबीत अल-खादिम येथे पिरोजाच्या खाणी होत्या आणि त्या खाणींच्या माथ्यावर हाथोर देवीचे मंदिर होते. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १९०५ मध्ये केलेल्या उत्खननात हा स्फिंक्स त्या मंदिरात सापडला. दगड तांबूस वालुकाश्म असून लांबी जेमतेम २४ सेंटीमीटर आहे. उजव्या खांद्यावर चित्रलिपीत ‘पिरोजाच्या स्वामिनी हाथोरला प्रिय’ असा मजकूर आहे, तर बैठकीच्या दोन्ही बाजूंवर वेगळ्याच, चित्रांसारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या ओळी कोरलेल्या आहेत. मूर्ती इजिप्तच्या मध्य राज्याच्या काळातील की त्यानंतरच्या अठराव्या घराण्याच्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

चेहरा झिजलेला आणि घडण ओबडधोबड असलेली ही मूर्ती आदर्श म्हणून का घेतली, असे शिल्पवर्गातल्या सहकाऱ्यांनी विचारले. कारनाक येथील तिसऱ्या सेनुस्रेत राजाचा नाइस (gneiss) या दगडातील स्फिंक्स किंवा तिसऱ्या आमेनहोतेप राजाचा निळ्या फायान्सचा, म्हणजे चकाकी दिलेल्या भाजीव पदार्थाचा, स्फिंक्स, हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील दोन्ही नमुने सौंदर्यात कितीतरी सरस आहेत. परंतु पहिला कठीण दगडाचा आहे आणि दुसरा दगडच नव्हे. सेराबीतचा स्फिंक्स राजाच्या कार्यशाळेत नव्हे, तर खाणीच्या मुलखात, तिथल्याच जातीच्या दगडात घडलेला आहे. मर्यादित कौशल्याच्या माणसाला त्यातून अधिक शिकता येईल, असे मला वाटते.

२६ जानेवारी
दगडाला हात लावण्यापूर्वी मातीचा नमुना केला. संग्रहालयाने प्रसिद्ध केलेली छायाचित्रे वेगवेगळ्या प्रकाशात घेतलेली असल्यामुळे त्यांवरून खोलीचा अंदाज येत नाही. नेमेसचे, म्हणजे राजाच्या शिरोवस्त्राचे, छातीवर उतरणारे पदर खांद्यापासून किती पुढे आहेत हे एका छायाचित्रात एक दिसते आणि दुसऱ्यात भलतेच. यावर पुढील उपाय लागू पडला: मातीचा नमुना अंधाऱ्या खोलीत ठेवून एकच दिवा छायाचित्रातल्या प्रकाशाच्या दिशेने धरला आणि पदराची सावली छायाचित्रातल्या सावलीएवढी होईपर्यंत माती कमी-अधिक केली. मग दुसऱ्या छायाचित्राच्या प्रकाशात तेच पुन्हा केले. दोन्ही सावल्या जुळल्या तेव्हाच माप वहीत उतरवले. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात अनेक संध्याकाळी गेल्या, पण पुढच्या सगळ्या मापांचा आधार तेच आहे.

२ फेब्रुवारी
दगड आणला. स्कॉटलंडमधील डमफ्रीझ परिसरातला तांबडा वालुकाश्म इमारतींसाठी वापरला जातो, त्यामुळे दगडाच्या वखारीत त्याचे कापून उरलेले तुकडे मिळतात. २६ × १६ × ११ सेंटीमीटरचा तुकडा २२ पौंडांना मिळाला. वजन दहा किलोच्या आसपास आहे. याशिवाय कार्बाइडच्या टोकाची मेख, दातेरी छिन्नी आणि सपाट छिन्नी मिळून ६० पौंड, आणि बारीक धूळ रोखणारे मुखवटे १८ पौंड असा खर्च झाला.

मुखवट्यांवरचा खर्च टाळू नये. वालुकाश्म हा मुख्यतः क्वार्ट्झच्या कणांचा बनलेला असतो, आणि त्याची सूक्ष्म धूळ फुप्फुसात बसली की बाहेर पडत नाही. दगड सतत ओला ठेवणे, उघड्यावर काम करणे आणि धूळ झाडण्याऐवजी पुसून घेणे, हे तीन नियम पहिल्या दिवसापासून पाळत आहे.

१० फेब्रुवारी
दगडाच्या बाजूंवर दोन सेंटीमीटरच्या चौकटींची जाळी आखली. प्राचीन शिल्पकार असेच करीत. बर्लिनच्या संग्रहात ग्रीक-रोमन काळातला एक पपायरस आहे, त्यावर स्फिंक्सचे आराखडे चौकटींच्या जाळीवर काढलेले आहेत. दगड घडवणाऱ्याच्या हातात द्यायचे ते कामाचे चित्र होय. इजिप्तच्या उत्तरकाळातील आणि त्यानंतरच्या टॉलेमी राजांच्या काळातील चुनखडीचे नमुनादाखल घडवलेले राजांचे मुखवटेही अनेक संग्रहालयांत आहेत आणि त्यांतल्या काहींच्या पाठीवर अशा रेषा अजून शाबूत आहेत.

गेरू पाण्यात कालवून, दोरी बुडवून ठोकलेल्या रेषा सुंदर उमटल्या, पण दगड ओला करताच वाहून गेल्या. गेरूत बाभळीचा डिंक मिसळल्यावर त्या टिकल्या. हे आधीच सुचायला हवे होते, कारण इजिप्तच्या रंगांतही डिंकासारखे बंधक असे. आखणीचे सगळे काम पुन्हा करावे लागले.

२३ फेब्रुवारी
तांब्याच्या छिन्नीची परीक्षा. मूर्ती घडली त्या काळी शिल्पकाराची हत्यारे तांब्याची, आर्सेनिकमिश्रित तांब्याची किंवा काशाची असत. तांब्याची सळई ठोकून कडक केली, दगडावर धार लावली आणि मूर्तीच्या पाठीवरचा जादा दगड काढून पाहिला. थोड्याच घावांत धार गोल झाली. क्वार्ट्झची कठीणता मोह्झच्या मापात ७ आहे आणि तांब्याची ३ च्या जवळपास, त्यामुळे दगड छिन्नीला खातो.

नंतर हातोडीऐवजी नदीतला कठीण गोटा घेऊन दगडावर काटकोनात हलके ठोके दिले, तेव्हा काम झपाट्याने पुढे सरकले. वालुकाश्मातला प्रत्येक कण कठीण असला तरी कणांना धरून ठेवणारे बंध कमजोर असतात, आणि ठोक्याने ते बंध तुटून पृष्ठभाग गुळाच्या ढेपेसारखा रवाळ सुटत जातो. ठोकून काढणे आणि मग वाळूच्या घर्षणाने घासणे, या जोडीने तांब्याच्या छिन्नीपेक्षा कितीतरी जास्त दगड निघाला. प्राचीन इजिप्तमध्ये ग्रॅनाइटसाठी डोलराइट या कठीण दगडाचे गोटे याच रीतीने वापरले जात. हा अनुभव आल्यापासून मूळ मूर्तीच्या छायाचित्रांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे. तिच्या अंगाची बोथट गोलाई मला आजवर केवळ झिजेमुळे आलेली वाटत होती. त्यातली बरीचशी घडवण्याच्या पद्धतीतूनच आली असावी, असे आता वाटते.

२ मार्च
पहिला दगड वाया गेला. बाजूची आकृती पूर्ण उतरली होती आणि डोक्याभोवतीचे दगड मोकळे करणे सुरू होते. डाव्या पदरामागे मेखेचा एक साधा घाव बसला आणि पदर, कान व गालाचा भाग मिळून एक सरळ पापुद्रा सुटला. तुटलेली जागा आरशासारखी सपाट आहे. वखारीत कापताना या तुकड्याचे नैसर्गिक थर उभे आले होते. वालुकाश्म वाळूच्या थरांवर थर साचून बनतो आणि थरांच्या सांध्यातून तो सहज सुटतो. बसलेल्या सिंहाच्या आकृतीत थर आडवे, पाठीला समांतर असले पाहिजेत. म्हणजे डोके थरांवर उभे राहते आणि घाव सांध्याला समांतर पडत नाही.

डिंक किंवा राळ लावून पापुद्रा बसवता आला असता, पण जोडलेल्या सांध्यावर पुढची छिन्नी चालवणे धोक्याचे आहे. तुकडा हत्यारांच्या चाचणीसाठी बाजूला ठेवला. चार आठवड्यांचे काम गेले.

९ मार्च
थर ओळखण्याची रीत लिहून ठेवतो. दगडाच्या सहाही बाजू भिजवाव्यात आणि वाळू द्याव्यात. वाळताना थरांच्या रेषा काही क्षण गडद-फिक्या पट्ट्यांसारख्या दिसतात, कारण सगळे थर सारख्या गतीने वाळत नाहीत. ज्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर पट्ट्या दिसत नाहीत, त्या थरांना समांतर असतात. या चाचणीला अर्धा तास लागतो. त्यानंतर तुकडा हातात लटकवून ठोकावा. आवाज भरीव आणि लांबणारा असेल तर घ्यावा, भसकट असेल तर आत भेग आहे असे समजावे. दुसरा तुकडा मी याच पद्धतीने, वखारीतल्या माणसाची परवानगी घेऊन, बादलीभर पाण्यासह निवडला. २५ पौंड. रात्री गोठणाऱ्या हवेत ओला दगड बाहेर ठेवू नये म्हणून तो घरात आणला.

६ एप्रिल
दुसऱ्या दगडाची बाजूची आकृती पूर्ण झाली आहे. या वेळी क्रम बदलला. आधी बैठकीची पातळी गुण्याने पक्की केली, मग पाठ, मग डोक्याचा मागचा उतार आणि सर्वांत शेवटी चेहरा. चेहऱ्यापुढे शक्य तितके दिवस जाड दगड राखून ठेवला, कारण पुढच्या पंजांवर काम करताना मेख घसरली तर ती नेमकी हनुवटीवर येते.

एका बाजूचा आराखडा कापून काढला की समोरची जाळी नाहीशी होते. त्यामुळे प्रत्येक टप्प्यानंतर मधली रेषा पुन्हा आखावी लागते: डोक्यावरून, नाकावरून, छातीवरून, दोन पंजांच्या मधून आणि मागे शेपटीपर्यंत. इजिप्तमधील अर्धवट राहिलेल्या शिल्पांवर अशा पुन्हा पुन्हा आखलेल्या रंगाच्या रेषा दिसतात. संग्रहालयात त्या पाहिल्या होत्या, पण त्यांची गरज किती सतत लागते हे दगडावरच कळले. मधली रेषा दोन मिलिमीटर ढळली तरी स्फिंक्स मान वळवल्यासारखा दिसू लागतो, आणि इजिप्तचा स्फिंक्स मान वळवत नाही.

शेपटी उजव्या मांडीवर घेतली आहे. गिझाच्या मोठ्या स्फिंक्सचीही शेपटी उजवीकडेच वळलेली आहे. शेपटी उठावात ठेवण्यासाठी मांडीचा आजूबाजूचा सगळा भाग तीन मिलिमीटर खाली घ्यावा लागतो, आणि या दगडाचे कण मोठे असल्यामुळे तीन मिलिमीटरपेक्षा कमी उठाव टिकत नाही.

२० एप्रिल
आज दगडाला हात लावला नाही. एका लिलावाच्या यादीत चुनखडीचा लहान स्फिंक्स आला आहे, तो पाहण्यात आणि त्याची कागदपत्रे मागवण्यात दिवस गेला. मूर्ती चांगली आहे. मूळच्या ठिकाणाविषयी फक्त ‘युरोपातील खाजगी संग्रह, १९७० च्या दशकात प्राप्त’ एवढीच ओळ आहे. त्या ओळीला पावती, जुने छायाचित्र, पत्रव्यवहार किंवा विम्याचा कागद यांपैकी कशाचाही आधार मिळाला नाही.

अशी कागदपत्रे तपासताना संग्राहकाने कोणत्या तारखा ध्यानात ठेवाव्यात ते लिहितो. इजिप्तमधून प्राचीन वस्तू बाहेर नेण्यावर मुहम्मद अली यांनी १८३५ मध्येच बंदीचा हुकूम काढला होता, जरी तो फारसा पाळला गेला नाही. पुढे उत्खननात मिळालेल्या वस्तूंची इजिप्त आणि उत्खनन करणाऱ्या संस्था यांच्यात वाटणी होत असे, आणि परवानाधारक व्यापारीही होते. कैरोच्या संग्रहालयाचे स्वतःचे विक्रीदालन १९७९ पर्यंत चालू होते, त्यामुळे त्या काळातली कायदेशीर पावती अस्तित्वात असणे अगदी शक्य आहे. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने हा व्यापार संपला आणि त्यानंतर सापडणारी प्रत्येक वस्तू राज्याच्या मालकीची ठरली. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, आणि ब्रिटनमध्ये चोरट्या मार्गाने आलेल्या सांस्कृतिक वस्तूंचा व्यवहार करण्याविरुद्धचा कायदा २००३ चा. ‘१९७० च्या दशकात’ हे शब्द या तारखांच्या नेमके अलीकडे-पलीकडे सोयीने बसतात, म्हणून त्यांना कागदाचा आधार हवाच.

मूर्तीच्या अंगावरही पुरावा असतो. जुन्या उत्खननांतील वस्तूंवर शाईने लिहिलेला क्षेत्राचा क्रमांक पुष्कळदा तळाशी सापडतो. तो कधीही धुऊन काढू नये. हत्यारांच्या खुणा भिंगातून पाहाव्यात. फिरत्या यंत्राच्या टोकाने पाडलेली चर तळाशी एकसारखी गोल आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. हाताने ठोकलेल्या चरीत प्रत्येक घावाचा वेगळा तळ दिसतो. माझ्याच वाया गेलेल्या दगडावर दोन्ही प्रकारच्या चरी शेजारी शेजारी पाडून ठेवल्या आहेत, आणि आज लिलावगृहात भिंग धरताना त्यांचा उपयोग झाला. त्या स्फिंक्सच्या पंजांमधली चर हाताने पाडलेली आहे. म्हणजे वस्तू बहुधा खरी आहे, आणि म्हणूनच ती कुठल्या तरी जागेतून निनावी उपटली गेल्याचे दुःख अधिक आहे. बोली लावली नाही.

जागा कळल्याने काय होते याचे उदाहरण कैरोजवळच्या सक्कारा येथे आहे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्युस्त मारिएत १८५० मध्ये हस्तलिखिते खरेदी करण्यासाठी इजिप्तला गेले होते. अलेक्झांड्रिया आणि कैरो येथील धनिकांच्या बागांत त्यांनी एकाच घडणीचे अनेक स्फिंक्स पाहिले. ते सक्काराहून आल्याचे त्यांना समजले. पुढे तिथल्या वाळूतून वर आलेले तसेच एक डोके त्यांना दिसले आणि प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने वर्णिलेली, वाळूत बुडालेल्या स्फिंक्सांमधून जाणारी वाट आठवली. त्या वाटेने खणत जाऊन १८५१ मध्ये ते सेरापियममध्ये, पवित्र मानलेल्या एपिस बैलांच्या दफनगुहांत, पोहोचले. ‘हे सक्काराहून आले’ हे तीन शब्द कुणी सांगितले नसते, तर ते स्फिंक्स बागेतली शोभा म्हणून राहिले असते. माझ्या आदर्श मूर्तीचेही तसेच आहे. पेट्रींनी ती मंदिरात सापडल्याची नोंद ठेवली नसती, तर एवढी झिजलेली, साधी मूर्ती कुठल्याही लिलावात दुर्लक्षित राहिली असती.

१८ मे
अक्षरे कोरण्यास सुरुवात. बैठकीवरच्या त्या अनोळखी खुणांत घर, डोळा, बैल हाकण्याची काठी आणि फुली असा क्रम आहे, आणि इजिप्तच्या लिपीचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी १९१६ मध्ये तो ‘बालत’, म्हणजे स्वामिनी, असा लावला. हाथोरलाच सेमिटिक (हिब्रू-अरबीच्या कुळातील) भाषा बोलणारे लोक या नावाने हाक मारीत. वर्णमालेच्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत या मूर्तीची गणना होते.

आधी वाया गेलेल्या दगडावर सराव केला. टोकदार सुईने ओरखडून कोरण्याचा प्रयत्न फसला: रेषेच्या कडेचे कण सुटून ती दुप्पट रुंद होते. छिन्नीने दोन्ही बाजूंनी तिरके कापण्याचा प्रयत्नही फसला, कारण मधली धार उडते. उभ्या मेखेने ठिपक्याला ठिपका जोडत जाणे, आणि शेवटी ओल्या वाळूवर टेकवलेल्या हाडाच्या टोकाने चर घासून सलग करणे, ही रीत चालली. फुली आणि काठी सहज जमतात. घराची चौकट कोपऱ्यांवर गोल होते. डोळा सर्वांत अवघड, कारण वक्र रेषेवर ठिपके सरळ रेषेत जाऊ पाहतात.

बैठकीची कड अरुंद असल्यामुळे अक्षरे आधी गेरूने लिहून घेतली. तरीही शेवटची फुली कडेला दाबली गेली. उंची सारखी ठेवण्याचा आग्रह सोडल्यावर ओळ मूळच्या जवळ जाणारी दिसू लागली.

१ जून
चेहरा पूर्ण केला. मूळचा चेहरा झिजलेला असल्यामुळे दोन मार्ग होते: झीज जशीच्या तशी घडवणे, किंवा नवा असताना तो कसा असेल याची कल्पना करणे. शिल्पवर्गाच्या शिक्षिका म्हणाल्या, “जे दिसत नाही ते घडवू नका, पण तुटलेपणाचीही नक्कल करू नका.” त्यानुसार डोळे, नाक आणि तोंड यांचे फक्त मोठे उतार ठेवले आहेत आणि बारकावे घेतलेले नाहीत. मुद्दाम फोडलेले नाक हे बनावट मूर्तींचे नेहमीचे लक्षण असते, आणि ते माझ्या हातून घडू नये असे वाटते.

कपाळावरचा नाग वेगळा उठवता आला नाही. पहिल्या दगडाच्या तुकड्यावर केलेली चाचणी नखाएवढ्या उंचीवरच कोसळली. इथे तो केवळ एका उभ्या उंचवट्याने सुचवला आहे.

१५ जून
घासकाम झाले. त्याच दगडाच्या चपट्या तुकड्याने आणि ओल्या वाळूने, आधी जाड मग बारीक. या दगडाला चकाकी येत नाही, आणि मेण किंवा तेल लावू नये: रंग कायमचा काळवंडतो आणि धूळ चिकटते. पदरांच्या मागची आणि पंजांमधली जागा हाताला पोचत नाही, तिथे बांबूच्या कामट्या वाळूत बुडवून वापरल्या.

एकूण खर्च १२५ पौंड, शिल्पवर्गाची फी वेगळी. पहिल्या वाया गेलेल्या दगडावर आणि मातीच्या नमुन्यावर बराच वेळ गेला. सर्वाधिक वेळ मात्र प्रत्यक्ष दुसऱ्या मूर्तीवर गेला.

२२ जून
शेवटचे काम तळाचे. तिथे देवनागरीत ‘प्रत’ हा शब्द, चालू वर्ष, आणि मूळ मूर्तीचा संग्रहालयातला क्रमांक खोल कोरला. चर पाच मिलिमीटर ठेवली आहे, म्हणजे तळ घासूनही ती पुसता येणार नाही आणि पुसायची झालीच तर बैठकीची उंची कमी होऊन लबाडी मापातच उघडी पडेल. वाया गेलेला पहिला दगड शिल्पवर्गाला दिला आहे. त्यावर यंत्राच्या आणि हाताच्या चरींजवळ गेरूने तसे लिहून ठेवले आहे. पुढच्या खेपेस थर आडवे असलेला चुनखडीचा तुकडा घेणार आहे, आणि आदर्श म्हणून सेरापियमच्या वाटेवरचा, पहिल्या नेक्तानेबो राजाच्या काळातला एक स्फिंक्स निवडला आहे. तो मूळचा मोठा आहे, त्यामुळे चौकटींची जाळी या वेळी लहान प्रमाणावर आखावी लागेल.